गोषवारा आणि न्याय

बेरीज बरोबर असूनही ती अन्यायाची असूं शकेल काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. बेरीज बरोबर असते किंवा चूक. तिला नीतीशीं काय कर्तव्य, असें कोणीही विचारील. परंतु संगणकावरील एक्सेल आतां तालुक्याच्या पेठेंतही रुळलें असल्यामुळें हा प्रश्न केवळ पंडितांचा राहिलेला नाहीं. त्यांत १९९३ सालच्या आवृत्तीपासून पिव्हट टेबल नांवाची सोय आहे. वर्षभराच्या विक्रीच्या हजारो नोंदींचा गोषवारा ती क्षणांत काढून देते. ओळींत काय मांडावें, रकान्यांत काय मांडावें आणि बेरीज कशाची घ्यावी, एवढें मात्र माणसानें सांगावें लागतें. आमच्या मतें नीतीचा सारा प्रश्न ह्या ‘एवढें मात्र’मध्यें आहे.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील उमरगा घेऊं, आणि तेथें बियाणें व खतें विकणारा एखादा दुकानदार कल्पूं. जूनमध्यें, पेरणीच्या घाईंत, त्यानें चार लाखांचा माल उधारीवर दिला. वर्षाअखेर त्यानें नव्वद दिवसांवर थकलेल्या बाकीचा गोषवारा काढला, तों तीन लाख साठ हजार थकलेले! उधारीचें गिऱ्हाईक बुडवें, असें कोष्टक सांगतें. आणि त्यांतील प्रत्येक आंकडा खरा आहे. परंतु सोयाबीन हातीं येतें तें सप्टेंबरच्या शेवटीं किंवा ऑक्टोबरांत, आणि तूर तर डिसेंबर-जानेवारींत. पेरणीपासून तुरीच्या राशीपर्यंतचा काळ एक हंगाम धरून त्याच नोंदी मांडल्या, तर त्याच माणसांनीं साडेतीन लाख फेडलेले दिसतात. नव्वद दिवस ही हिशेबाची सोय. शेताला ती ठाऊक नाहीं. पुढील मृगांत बियाणें कोणाला मिळावयाचें आणि पायरीवरून परत कोणी जावयाचें, हें मात्र दोहोंपैकीं जें कोष्टक समोर असेल त्यावरून ठरणार.

दुकानदार धर्मादाय उघडून बसलेला नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. त्याचेंही भांडवल अडकतें, त्यालाही व्याज चढतें, आणि जे पन्नास हजार आले नाहींत ते खरोखरच आले नाहींत.

जुन्या खतावणींत प्रत्येक असामीचें स्वतंत्र खातें असे. नकार देण्यापूर्वीं तें पान उघडावेंच लागे. अर्थात् खतावणीचा फार गौरव करण्याचेंही कारण नाहीं. १८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या व रोखे जाळले, ते कांहीं उगाच नव्हेत. नांव लिहिलेलें असलें म्हणजे दया येतेच असें नाहीं.

पण गोषवाऱ्यांत नांवच नसतें. तें नाहींसें झालेलें नाहीं, आड गेलेलें आहे. थकलेल्या रकमेच्या आंकड्यावर दोनदां टिचकी मारली कीं त्यामागील मूळ नोंदी, तारखांसह व नांवांसह, नव्या पानावर उघडतात. उधारी बंद करण्यापूर्वीं एवढे श्रम घेण्यास दुकानदार बांधलेला आहे, असें आम्ही समजतों. कोण ऑक्टोबरांत येऊन गेला, कोण तूर विकून आला, कोण आलाच नाहीं, हें तेथें दिसतें. आणि नकार द्यावयाचाच तर ज्याला द्यावयाचा त्याचें नांव वाचून देतां येतो.