गुणाचं लेकरू

"लेकरू लय गुनाचं हाय, रडतच नाही," आजी कौतुकानं म्हणाली.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, पावसाळा सरता सरता, मी एका आशाताईंबरोबर त्या घरी गेलो होतो. बाळ सात दिवसांचं. ताईंनी पिशवीतून थर्मामीटर, घड्याळ आणि झोळीचा वजनकाटा काढला, हात धुतले, बाळाचं झबलं वर केलं आणि त्याच्या पोटाकडे टक लावून बसल्या. पूर्ण एक मिनिट. तान्ह्या बाळाचा श्वास सरळ चालत नाही. भराभर चालतो, मध्येच थबकतो, पुन्हा सुरू होतो. त्यामुळे पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची पळवाट इथं चालत नाही. आकडा आला 64. साठ किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचं, असा नियम. दुसऱ्यांदा आला 58. ताईंनी 58 लिहिले. मग पेन हातातच ठेवून आजीला विचारलं, "परवा रडत होतं का?"

"परवा? परवा तर गाव जागं करत होतं."

ताई आईकडे वळल्या. दूध ओढतं का? कालपासून तोंड लावतं आणि सोडून देतं, असं आई म्हणाली. ताईंनी फॉर्म मिटला आणि गाडीसाठी फोन लावला. बाळ आठवड्यानं घरी परत आलं, म्हणून हा प्रसंग मला इतक्या निवांतपणे लिहिता येतो आहे.

"परवा रडत होतं का" हा प्रश्न साधा वाटतो. पण त्यामागे काही वर्षांचं संशोधन आहे, आणि ते त्या गावापासून फार लांब झालेलं नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला आहे हे घरात, रक्ततपासणीशिवाय कसं ओळखायचं, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. त्यांच्या अभ्यासातून सात खुणा पुढे आल्या आणि त्यांतल्या कुठल्याही दोन एकाच वेळी दिसल्या तर धोका समजायचा असं ठरलं. या खुणांकडे नीट पाहिलं तर एक गंमत लक्षात येते. आधी नीट रडणाऱ्या बाळाचं रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. आधी नीट पिणाऱ्या बाळाचं पिणं कमी झालं किंवा थांबलं. अंग गार लागतं असं आई सांगते. या खुणांमध्ये 'आधी' आहे आणि 'आई सांगते' आहे. कुठल्याही डॉक्टरला हे 'आधी' ठाऊक नसतं, कारण बाळ त्याच्यापुढे येतं तेव्हा आजारीच असतं. ते ठाऊक असतं घरातल्या बाईला. फक्त तिनं त्याला कधी कधी 'गुणाचं' असं नाव दिलेलं असतं.

वैद्यकशास्त्रात आईच्या बोलण्याला 'इतिहास' म्हणतात आणि बहुतेक वेळा दोन ओळींत गुंडाळतात. इथं तेच बोलणं निदानाचा निकष झालं. गडचिरोलीच्या कामाची सगळ्यात मोठी कमाई मला हीच वाटते, पण तिची चर्चा सर्वांत कमी होते. चर्चा होते ती आकड्याची.

आकडाही लहान नाही. 39 गावांत प्रयोग आणि 47 गावांत तुलना, अशी ती चाचणी होती. त्या काळी तिथली जवळजवळ सगळी बाळंतपणं घरी होत. जन्मलेल्या बाळांपैकी निम्म्याहून अधिकांना आजारपणात वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळत होती 2.6 टक्क्यांना. गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं गेलं. त्या बाळंतपणाला हजर राहत, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देत, घरी पुन्हा पुन्हा भेटी देत, आणि दोन खुणा एकत्र दिसल्या, घरच्यांनी संमती दिली, की स्वतः जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं इंजेक्शन देत. 1999 च्या डिसेंबरमध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तुलनेच्या गावांच्या मानानं तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी उतरला होता. हजारी 62 वरून तो 25 च्या आसपास आला होता. (हे दोन 62 वेगळे आहेत. एक टक्का, एक दर. भाषणांमध्ये त्यांची सर्रास सरमिसळ होते.)

दहावीही न झालेली बाई नवजात बाळाला इंजेक्शन देते, या कल्पनेनंच त्या वेळी अनेक बालरोगतज्ज्ञांच्या अंगावर काटा आला होता. त्यांना मोडीत काढणं सोपं आहे, पण मी तसं करणार नाही. सुई कुठं टोचायची, डोस किती, निर्जंतुक काय, हे प्रश्न खरेच होते. त्यांचं उत्तर भाषणातून मिळालं नाही. ते मिळालं प्रत्येक बाळाचा लेखी हिशेब ठेवून, आरोग्यदूताच्या कामावर पर्यवेक्षक नेमून, आणि तिच्या हाती देता येतील अशी साधनं बनवून. 'सर्च'च्या आधीच्या न्यूमोनियाच्या कामातलं श्वासमापक हे त्याचं चांगलं उदाहरण. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि शेजारी मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर न्यूमोनिया. साठापर्यंत आकडे मोजता न येणारी दाईसुद्धा दहापर्यंत मोजू शकते, एवढ्या एका गोष्टीवर ते यंत्र उभं होतं.

पुढे काय झालं ते अधिक बोलकं आहे. 2011 मध्ये केंद्र सरकारनं घरोघरच्या नवजात बालसेवेची योजना देशभर आशांमार्फत सुरू केली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला सहा भेटी, घरी जन्मलेल्याला सात, आणि सगळ्या भेटी पूर्ण झाल्या की आशाला 250 रुपये. योजना चांगली आहे. तिच्यामुळेच त्या दिवशी ताई त्या घरात होत्या. पण गडचिरोलीतून भेटी आल्या, वजनकाटा आला, घड्याळ आलं, आणि इंजेक्शन मागे राहिलं. आशानं ते द्यायचं नाही, तिनं बाळाला पुढे पाठवायचं. 2014 च्या मार्गदर्शक सूचनांनी ठरावीक परिस्थितीत एएनएमला, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकेला, जेंटामायसिन देण्याची मुभा दिली, आशाला नाही. याला कारणं आहेत. आता महाराष्ट्रात 94 टक्क्यांहून अधिक बाळंतपणं दवाखान्यात होतात, रस्ते सुधारले, रुग्णवाहिका आली, जिल्ह्यांत नवजात अतिदक्षता कक्ष उभे राहिले. परिस्थिती बदलली की उपायही बदलावा, हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढंच, की योजनेच्या समर्थनात आजही 62 टक्के सांगितले जातात. तो आकडा इंजेक्शनसकटच्या, बाळंतपणाला हजर असणाऱ्या, कडक देखरेखीखालच्या कामाचा होता. त्यातलं निम्मं काम बाजूला काढायचं आणि पूर्ण आकडा जवळ ठेवायचा, हा हिशेब वाण्याच्या दुकानातही कुणी चालवून घेणार नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे लेखकाचं म्हणणं इतकंच, की जे दवाखान्यात आहे ते सगळं गावात न्या. तसं नाही. गडचिरोलीपासून बसनं चार-पाच तासांवरच्या नागपूरचा ज्यात सहभाग होता, अशा एका दुसऱ्या चाचणीनं ही समजूत पार उलटी केली.

गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमध्ये. ऑकलंडचे डॉ. लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. स्टेरॉइड दिलेलं एक कोकरू इतक्या आधी जन्मलं की ते जगायलाच नको होतं, पण ते श्वास घेत राहिलं. त्या धाग्यावरून लिगिन्स आणि हॉवी यांनी 1972 मध्ये दाखवून दिलं, की वेळेआधी बाळंत होऊ घातलेल्या बाईला स्टेरॉइड दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर पक्व होतात आणि मृत्यू कमी होतात. पुढे अनेक चाचण्यांनी तेच सांगितलं. वैद्यकीय पुराव्यांचं संकलन करणाऱ्या 'कॉक्रेन' या संस्थेच्या बोधचिन्हात ज्या आडव्या रेघा आहेत, त्या याच चाचण्यांच्या आहेत. औषध स्वस्त, इंजेक्शन सोपं, पुरावा भक्कम. मग ते खेड्यापाड्यांत का नको? 2014 च्या मध्याला आपल्या केंद्र सरकारनं एएनएमनं वेळेआधीच्या कळांमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस देऊन पुढे पाठवावं, अशा सूचना काढल्या.

त्याच वर्षाच्या अखेरीस 'अॅक्ट' या चाचणीचे निष्कर्ष आले. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, झांबिया, केनिया, पाकिस्तान आणि भारत. भारतातली दोन केंद्रं बेळगाव आणि नागपूर. जवळपास एक लाख बाळं. गर्भ किती आठवड्यांचा आहे हे पाळीच्या तारखेवरून, नाहीतर पोटावर रंगीत पट्ट्यांची फीत ठेवून ठरवायचं आणि स्टेरॉइड द्यायचं. अगदी लहान बाळांच्या मृत्यूंत फरक पडलाच नाही. आणि सगळी बाळं धरली तर ज्या भागांत स्टेरॉइडचा प्रसार झाला, तिथं नवजात मृत्युदर हजारी 27.4 निघाला, बाकीच्या भागांत 23.9. अगदी लहान बाळांच्या मातांमध्येही संसर्गाची शंका वाढली होती, 6 टक्क्यांवरून 10 टक्क्यांवर. बाळांना वाचवतं म्हणून गाजलेलं औषध गावात आलं आणि तिथं मृत्यू वाढले.

काय चुकलं? पाळीची तारीख आठवणं आणि फीत यांच्या भरवशावर महिने अचूक ठरत नाहीत. खुजी बाई, कमी वाढलेला गर्भ, चुकलेली तारीख. ज्या बाळांना या औषधाची गरज नव्हती, त्यांच्याही मातांना ते दिलं गेलं. आणि ज्यांना गरज होती, त्यांची फुप्फुसं थोडी तयार झाली तरी जन्मानंतर ऊब, दूध आणि श्वासाला आधार देणारं जवळपास कुणी नव्हतं. जुन्या चाचण्यांमध्ये या गोष्टी होत्या. पण त्या इतक्या गृहीत होत्या, की औषधाच्या नावाशेजारी त्या कुणी लिहिल्याच नाहीत.

हे औषधच वाईट, असा निष्कर्ष घाईत काढणारेही निघाले. मग जागतिक आरोग्य संघटनेनं भारत, पाकिस्तान, बांगलादेश, केनिया आणि नायजेरिया इथल्या 29 रुग्णालयांत पुन्हा चाचणी घेतली. या वेळी महिने सोनोग्राफीनं ठरवले आणि बाळांची काळजी घेता येईल अशीच ठिकाणं निवडली. 2020 मध्ये आलेला निकाल असा: स्टेरॉइड मिळालेल्यांत नवजात मृत्यू 19.6 टक्के, न मिळालेल्यांत 23.5. औषध तेच, आणि या वेळी त्यानं बाळं वाचवली.

गडचिरोली आणि 'अॅक्ट' शेजारी ठेवून वाचावेत, असं मला नेहमी वाटतं. गावाच्या बाजूचे लोक पहिल्याचा दाखला देतात, रुग्णालयाच्या बाजूचे दुसऱ्याचा, आणि दोघंही निम्मंच सांगतात. गडचिरोलीत इंजेक्शन गावात चाललं, कारण ते कुणाला द्यायचं हे ठरवण्याची रीत आधी त्याच गावांतून, तिथल्या आयांच्या बोलण्यातून घडवली होती. स्टेरॉइड गावात उलटलं, कारण ते कुणाला द्यायचं हे ठरवण्याची रीत रुग्णालयातच राहिली आणि नुसती सुई पुढे गेली.  म्हणून 'अशिक्षित हात' हा मुद्दा मला खोटा वाटतो. फीत चुकली होती.

ताईंना मी परतताना विचारलं, 58 आल्यावर तुम्ही थांबला का नाहीत? फॉर्मप्रमाणे सगळं ठीक होतं. त्या म्हणाल्या, "आजी म्हणाली ना गुनाचं हाय." एवढंच. त्यांच्या प्रशिक्षणात रडण्याचा मुद्दा होताच. पण तो फॉर्मवर 'होय/नाही' अशा चौकोनात येतो, आणि त्या चौकोनात आजीचं वाक्य मावत नाही. आता काही ठिकाणी हे फॉर्म मोबाइलवर भरले जातात. चौकोन आणखी लहान झाले आहेत, आणि भेट झाली की नाही हे कळण्यासाठी ठिकाणाची नोंदही होते. भेटीत काय ऐकलं, याची होत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी या विषयावर लिहिताना मला स्वस्थ बसू देत नाही. गडचिरोलीच्या अभ्यासात एक तुलना आहे: आरोग्यदूतांनी उपचार सुरू करण्यापूर्वी जंतुसंसर्ग झालेल्या 163 बाळांपैकी 16.6 टक्के दगावली, उपचार सुरू झाल्यावर 71 पैकी 2.8 टक्के. उपचाराचा परिणाम इतक्या लख्खपणे दाखवणारे आकडे क्वचित मिळतात. पण पहिला आकडा मिळावा म्हणून काही काळ नुसतं पाहावं आणि मोजावं लागलं. त्या मोजणीशिवाय दुसरा आकडा कुणी मानला नसता, आणि दुसऱ्या आकड्याशिवाय आज एकाही आशाच्या पिशवीत घड्याळ नसतं, हे मला कळतं. टक्केवारी सोडून मी ते साध्या मोजदादीत मांडून पाहिलं. 163 पैकी 27. मग 71 पैकी 2. ज्या बाईनं त्या 27 पैकी एखाद्याची नोंद केली असेल, ती त्याच गावात राहणारी होती. हजारभर वस्तीच्या गावात ते घर तिला रोज पाणी भरायला जाताना दिसत असणार.