एमएसपी, पण कुणाची?

उसाच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या, की पाटससारख्या कारखान्याच्या गावात चहाच्या टपरीवर एक वाक्य हमखास पडतं : ‘एमएसपी वाढू द्या, मग बघा भाव.’ ऐकणारा मास्तर असेल तर लगेच कपाळाला हात लावतो. उसाला एमएसपी असतेच कुठे?

गहू-तुरीची एमएसपी म्हणजे मिनिमम सपोर्ट प्राइस, आपला हमीभाव. साखरेची एमएसपी म्हणजे मिनिमम सेलिंग प्राइस : त्याखाली कारखान्याने साखर विकायची नाही. जून २०१८मध्ये ती किलोला २९ रुपये ठरली, फेब्रुवारी २०१९मध्ये ३१. सपोर्ट शेतकऱ्याला, सेलिंग कारखान्याला. उसाला २००९पासून एफआरपी आहे आणि त्याआधी होती एसएमपी, म्हणजे तीच तीन अक्षरं जागा बदलून! दिल्लीत कुणाला तरी ही गंमत सुचली असावी.

भाषाशुद्धीवाले म्हणतात, मराठीत बोला, घोळ मिटेल. बरं. एफआरपी म्हणजे ‘रास्त आणि किफायतशीर दर’. पण ‘किफायतशीर दरात फर्निचर’ ही पाटी स्वस्ताई सांगते, आणि ऊसवाल्याला स्वस्ताई नको असते. रिकव्हरी बँकेत वसुली, कारखान्यात उतारा. उतारा तरी एकच आहे का? तलाठ्याकडे सातबाराचा, आजीकडे दृष्टीचा, आणि रात्री जास्त झालेल्याचा सकाळचा निराळाच.

मग दोष टपरीवरच्या इंग्रजीला द्यावा, तर हिशेब आडवा येतो. २०२५-२६ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये. या उताऱ्याने टनातून साखर निघते १०२.५ किलो; ३१ रुपयांनी तिचे होतात जेमतेम ३,१७८. बाजारात साखर याहून महाग जाते, मळी-इथेनॉलचे पैसे वेगळे, हे खरं. तरी कारखान्याच्या गल्ल्यात आलं तरच उचल हाती पडणार, हे टपरीवरच्या माणसाला पक्कं कळतं. त्याने दोन शब्दांची गल्लत केलेली नाही, पैशाची वाट ओळखली आहे. मास्तरांचा लाल पेन इथे म्यानातच बरा.

गल्लतीचा फायदा उठवणारा वेगळाच असतो. ‘एमएसपी वाढली की एफआरपी देऊ’ असं तो सांगतो, आणि दोन्ही अक्षरत्रयी एका दावणीला बांधतो. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात मात्र ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, नाहीतर सालाना १५ टक्के व्याज, असं म्हटलं आहे. साखर स्वस्तात गेली, ही सबब त्यात नाही.