पुढचे काय पाहावे, हे कोणी ठरवावे?



यंदाच्या वर्षावासात आमच्या घरी एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय मूळ प्रश्नाला हात घालता येणार नाही.

माझ्या आईला अक्षरओळख नाही. दुसऱ्याच्या शेतात निंदणी-खुरपणी करून तिने मला शिकविले आणि मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज रात्री जेवणानंतर 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाची चार पाने तिला वाचून दाखवायची, हा आमचा कित्येक वर्षांचा परिपाठ. यंदाही पहिले आठ-दहा दिवस वाचन झाले. मग एके रात्री वाचनापूर्वी 'एकच भाग पाहू' म्हणून आम्ही टीव्हीवर एक मालिका लावली. तो भाग संपला आणि काही सेकंदांतच दुसरा आपोआप सुरू झाला. दुसऱ्यानंतर तिसरा. मालिका संपली तेव्हा तिच्यासारख्याच आणखी दहा मालिका पडद्यावर रांगेने उभ्या होत्या. भाद्रपद उजाडला तरी ग्रंथातील खुणेचा दोरा त्याच पानावर होता. आणि खरे दुःख हे की, वाचन बंद पडले आहे हे माझ्या ध्यानातही आले नव्हते. शेवटी आईनेच विचारले, "आरं, हे एकामागून एक कोण लावायलंय? तू तर काहीच लावीत न्हाईस."

मी शिक्षक आहे. प्रश्न विचारणे हा माझा व्यवसाय. परंतु या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. 'यंत्र लावते' असे म्हणून मी वेळ मारून नेली. नंतर मात्र मी त्याचा शोध घेतला. जे समजले ते आपणासमोर ठेवतो. कारण हा प्रश्न आता केवळ माझ्या घरचा राहिलेला नाही.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. त्यात चमत्कार काही नाही, हिशेब आहे. आपण काय पाहिले, किती मिनिटे पाहिले, कोठे सोडून दिले, रात्री किती वाजता पाहिले, या सर्वांची ते नोंद ठेवते. मग ज्यांच्या नोंदी आपल्या नोंदींशी जुळतात असे लक्षावधी लोक ते शोधते आणि त्यांनी पाहिलेले, परंतु आपण न पाहिलेले, आपल्यापुढे मांडते. हल्ली याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीने २००६ साली एक स्पर्धा जाहीर केली होती. प्रेक्षकाला कोणता चित्रपट किती आवडेल याचा कंपनीचा अंदाज जो दहा टक्क्यांनी सुधारून देईल त्याला दहा लाख डॉलर! त्यासाठी सुमारे ४ लाख ८० हजार प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले दहा कोटींहून अधिक अभिप्राय स्पर्धकांच्या हाती दिले गेले. २००९ साली एका संघाने हे बक्षीस जिंकले. आपण रात्री सहज म्हणून जे बटण दाबतो, त्यामागे केवढी खटपट चाललेली असते हे यावरून कळेल.

याच कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांनी २०१५ मध्ये लिहून ठेवले आहे की, लोक जे पाहतात त्यातील सुमारे ८० टक्के तास हे यंत्राच्या शिफारशीवरून पाहिले जातात. स्वतः नाव शोधून पाहणारा भाग राहतो तो वीस टक्क्यांचा. ६० ते ९० सेकंदांत मनाजोगते काही सापडले नाही तर माणूस उठून जातो, हेही त्यांनीच नमूद केले आहे. त्या दीड मिनिटात आपल्याला धरून ठेवणे, हे या यंत्राचे काम. यूट्यूबनेही २०१२ पासून किती जणांनी पाहिले यापेक्षा किती वेळ पाहिले याला अधिक वजन दिले.

येथेच नैतिक प्रश्न उभा राहतो. मी जे पाहिले तेच मला हवे होते काय?

नेटफ्लिक्सवर पूर्वी चित्रपटाला एक ते पाच तारे देता येत. २०१७ मध्ये ते काढून टाकले आणि अंगठा वर किंवा खाली, एवढेच ठेवले. गंभीर माहितीपटाला माणूस पाच तारे देतो आणि संध्याकाळी पाहायला बसतो तो हलकाफुलका चित्रपट, हे कंपनीला दिसून आले होते. तारे म्हणजे माणूस स्वतःविषयी काय मानतो ते. आणि पाहिलेले तास म्हणजे तो प्रत्यक्षात काय करतो ते. यंत्राने दुसरे खरे मानले. व्यापाराच्या दृष्टीने ते चूक नाही. परंतु वाचकहो, सकाळी उठून 'आज आईला वाचून दाखवीन' असे म्हणणारा मी आणि रात्री साडेअकराला डोळे चोळीत सातवा भाग पाहणारा मी, या दोघांतला खरा कोणता? थकलेल्या माणसाच्या हातालाच त्याचे मन समजावे काय?

आपल्यापैकी काहीजण येथे म्हणतील की, हे यंत्र म्हणजे नवी जातव्यवस्थाच झाली. माणसाला एका कळपात घालते आणि कळपाचे तेच त्याचे, असे ठरवते. मलाही प्रथम असेच वाटले. पण विचार केला तेव्हा हे म्हणणे पुरते खरे नाही असे दिसले. जात जन्मावरून ठरत होती. काही केले तरी ती सुटत नव्हती. हे यंत्र आपला जन्म विचारीत नाही. आपण काय केले तेवढेच पाहते. माणूस जन्माने नव्हे तर कर्माने ओळखावा ही तर भगवंतांचीच शिकवण. मग तक्रार कशाची करायची?

तक्रार अशी की, भगवंतांनी चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले आहे. यंत्र कृती मोजते, चेतना त्याला दिसत नाही. शिवाय ते कालची कृती मोजते. आज सकाळी केलेला संकल्प त्याच्या वहीत नसतो.

याचे एक बोलके उदाहरण सांगतो. आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने नुकतीच दीक्षा घेतली. घरातील जुन्या तसबिरी उतरविल्या, बावीस प्रतिज्ञांचा कागद चौकटीत लावला. परंतु टीव्ही लावला की पडद्यावर पहिल्या रांगेत त्याच व्रतांच्या, नवसांच्या आणि चमत्कारांच्या मालिका! कारण घरातल्या आजी दोन वर्षे त्या पाहत होत्या. त्या घरची मुलगी मला म्हणाली, "सर, आपण बदललो, टीव्ही कामून बदलंना?" तिचे म्हणणे बरोबर होते. दीक्षा माणूस घेतो, यंत्र घेत नाही. त्याच्या लेखी ते कुटुंब अजून जुन्याच घरात राहते. येथे आजींना दोष देण्याचे कारण नाही आणि त्या मालिका पाहणाऱ्या शेजाऱ्यांचा रागही नको. यंत्राला झालेला बदल कळविणे, एवढेच आपले काम.

दुसरी अडचण संख्येची. ज्याच्या नोंदी पुष्कळ, त्याची शिफारस पुष्कळ. जे थोड्यांनी पाहिले ते मागे पडते आणि मागे पडले म्हणून आणखी थोडे लोक ते पाहतात. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३), चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' (२०१४), आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) हा माहितीपट, डॉ. जब्बार पटेल यांचा बाबासाहेबांवरील चित्रपट (२०००), यांपैकी एकही माझ्या पडद्यावर आपणहून आला नाही. 'मेड इन हेवन' या मालिकेच्या २०२३ मधील दुसऱ्या पर्वात नीरज घेवान यांनी दिग्दर्शित केलेल्या भागात बौद्ध पद्धतीचा विवाह दाखविला आहे. तो पाहून माझ्या पत्नीच्या डोळ्यांत पाणी आले. पण तोही मला यंत्राने नव्हे, शाळेतील एका सहकारी बाईंनी सांगितला. आपल्यासारखी माणसे पडद्यावर नाहीत असे नाही. ती मागच्या रांगेत आहेत, आणि तेथपर्यंत आपण स्वतः चालत गेले पाहिजे.

आता आपल्या शहराकडे वळू. बाबासाहेबांनी १९५० साली येथे महाविद्यालय काढले. पुढे त्याला राजा मिलिंदाचे आणि परिसराला भदन्त नागसेनांचे नाव दिले. एक प्रश्न विचारणारा, दुसरा उत्तर देणारा. नागसेनवनातून आपण रोज जातो, पण त्या दोघांचा संवाद किती जणांच्या स्मरणात असतो? नागसेनांनी राजाला विचारले होते की, ज्या रथातून आपण आलात तो रथ म्हणजे कोणता भाग? चाक म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? राजाला मान्य करावे लागले की कोणताही एक भाग रथ नव्हे. या सर्वांच्या जुळणीला आपण रथ हे नाव देतो. माणसाचेही तसेच.

यंत्रातील 'आपण' हा असाच एक रथ आहे. आईने ऐकलेली भीमगीते, मुलीची व्यंगचित्रे, माझी मध्यरात्रीची मालिका आणि पाहुण्याने सहज लावलेला मारधाडीचा चित्रपट, एवढ्या सुट्या भागांची जुळणी करून ते त्याला आपले नाव देते. आपण मात्र पडद्याकडे पाहून म्हणतो, 'याला माझी आवड बरोबर कळली!' बंधूंनो, कायमची, न बदलणारी आवड नावाची वस्तू आपल्या आत ठेवलेलीच नाही. ज्याकडे आपण वारंवार लक्ष देतो ते आपल्याला आवडू लागते. म्हणून चांगली शिफारस हवी असेल तर दुरुस्ती दोन ठिकाणी करावी लागते, यंत्रात आणि आपल्यात.

यंत्राची दुरुस्ती सोपी आहे. घरातील शिकलेल्या मुलांनी ती करून द्यावी.

पहिले, घरातील प्रत्येकाचे खाते-पान, ज्याला प्रोफाइल म्हणतात, ते वेगळे करावे. आजीचे वेगळे, मुलांचे वेगळे. पाच जणांची आवड एका भांड्यात शिजवली की कोणाच्याच तोंडाला चव येत नाही.

दुसरे, पाहिल्याची जुनी नोंद काढून टाकावी. मोझिला या संस्थेने २०२२ मध्ये यूट्यूबविषयी केलेल्या पाहणीत असे आढळले की, नापसंतीचे बटण दाबल्याने नको असलेल्या शिफारशींपैकी जेमतेम १२ टक्के टळल्या. नोंद पुसल्याने २९ टक्के आणि 'या वाहिनीची शिफारस करू नका' असे सांगितल्याने ४३ टक्के टळल्या. म्हणजे नुसती नाराजी फारशी ऐकली जात नाही. स्पष्ट नकार अधिक ऐकला जातो. आणि तोही निम्म्याहून कमी वेळा, हे ध्यानात असू द्यावे.

तिसरे, पुढचा भाग आपोआप सुरू होण्याची सोय बंद करावी. माझ्या घरी सर्वाधिक फरक याच एका गोष्टीने पडला. भाग संपला की पडदा थांबतो, आणि त्या थांबण्यात माणसाला 'आता काय?' असे स्वतःला विचारता येते.

चौथे, जे पाहायचे ते दिवसा ठरवावे आणि नाव लिहून शोधावे. शोधून पाहिलेली प्रत्येक गोष्ट हीसुद्धा यंत्राला दिलेली शिकवणीच असते. आमच्या पडद्यावर महिन्याभरात फरक दिसू लागला.

पाचवे, हल्ली मराठीतून प्रश्न विचारता येतील अशी बोलकी यंत्रेही आली आहेत. त्यांना नुसते 'चांगला चित्रपट सांगा' असे विचारू नये. 'घरात दहा वर्षांची मुलगी आणि सत्तर वर्षांची आई आहे, दोन तासांचा, मारामारी नसलेला, खेड्यातील शाळेविषयीचा मराठी चित्रपट हवा' असे विचारावे. अमुक का आवडले, तमुक का आवडले नाही, हेही सांगावे. मात्र ही यंत्रे कधीकधी अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाचेही नाव छातीठोकपणे सांगतात. भगवंतांनी कालामांना काय सांगितले होते? ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून, सांगणारा मोठा दिसतो म्हणून मानू नका. स्वतः पारखून घ्या. हा उपदेश यंत्रालाही लागू आहे.

आणि माणसांना विचारणे सोडू नये. शेजारी, शिक्षक, विहारात भेटणारे उपासक यांच्याजवळ नोंदींचा ढीग नसतो, पण आपल्याला काय व्हायचे आहे हे त्यांना ठाऊक असते. यंत्राला आपण काय होतो एवढेच ठाऊक.

दुसरी दुरुस्ती आपली स्वतःची. तिला बटण नाही. पडद्यापुढे बसण्यापूर्वी क्षणभर विचारावे की, मी हे निवडतो आहे की माझ्यापुढे आले म्हणून घेतो आहे? करमणूक हे पाप नव्हे. दिवसभर राबलेल्या माणसाला हसण्याचा हक्क आहे, आणि माझ्या आईला तर तो सर्वांहून अधिक आहे. परंतु काय पाहावे, कोठे बसावे, कोणत्या पाणवठ्यावर जावे हे ज्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरविले, त्यांनी हाती आलेली निवड आळसाने परत देऊन टाकावी काय? येथे कोणी आपल्यावर जबरदस्ती केलेली नाही. म्हणूनच जबाबदारीही दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

आश्विन पौर्णिमा आली तेव्हा आमचा ग्रंथ निम्माही झालेला नव्हता. मी आईची क्षमा मागितली. ती म्हणाली, "पुनव झाली म्हणून काय पुस्तक मिटायचं असतं व्हय?" वर्षावास संपला, पण आमचे वाचन चालू आहे. चार पाने झाली की आई स्वतः सांगते, आज टीव्हीवर काय लावायचे. कधी भीमगीते, कधी जुना विनोदी चित्रपट. तो संपला की पडदा थांबतो, आणि आम्ही दिवा मालवून झोपतो.

जय भीम!