पाखरांचा घास

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीतली माणसं हिवाळ्यात कुरवांना वेफर, गाठ्या भिरकावतात. आता आमच्या मानकोलीच्या खाडीकाठीही कुणीकुणी शेवेची पिशवी घेऊन येतं. पोरं खूश, पाखरं खूश. मग त्यात वाईट ते काय?

तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडून येतो. मासे, किडे, खेकडे हे त्याचं खाणं. तळलेल्या शेवेनं पोट भरतं, पण अंगी लागत नाही. आणि त्याला तर पुन्हा हिमालय गाठायचा असतो. तरी माझा सवाल त्याच्या पोटाचा नाही, आपल्या मनाचा आहे.

आजी पितरांचा घास कावळ्याला ठेवायची. बगळ्याला मात्र तिनं कधी काही टाकलं नाही. म्हणायची, "त्याला कशाला? त्याचा चिखल हाय ना!" खाचरांत बगळे, पाणकोंबड्या चरायच्या, खाडीच्या गाळात निवट्या उड्या मारायच्या. त्या खाचरांवर भराव पडला, गोदामं उठली. गोदामांनी घरोघरी पैसा आणला, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण चिखल बुजवायचा आणि वर दहा रुपयांची शेव टाकून पुण्य केलं म्हणायचं, हे मला पटत नाही.

पलीकडे ठाणे खाडीत २०१५ साली रोहित पक्ष्यांचं अभयारण्य जाहीर झालं, २०२२ साली रामसर दर्जा मिळाला. तिथल्या रोहितांना कुणी भरवत नाही. गाळातलं शेवाळ नि बारीक जीव त्यांना पुरतात.

आमच्याकडं उरलेल्या दोन-चार खाचरांत पावसाळ्यात अजून ढोकरी उभी दिसते. तिला बघायला कुणी पिशवी घेऊन येत नाही, आणि भराव कधी पडेल ते सांगता येत नाही.