कल्पित आणि खोटे

भाविक ख्रिस्ती माणसाने काय वाचावे, याच्या याद्या हल्ली मंडळ्यांमधून हातोहात फिरतात. त्यांत तीन कप्पे असतात : श्रद्धा, इतिहास आणि कल्पित. पहिला भरून वाहतो, दुसऱ्यात चार-दोन चरित्रे असतात आणि तिसरा एक तर रिकामा असतो, नाहीतर जपून राहण्याची ताकीद देणारा. बीदर-कलबुर्गीच्या सीमाभागात ही बाब अधिक गंभीर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदकडच्या मराठी घरांतली मुले कन्नड शिकत मोठी झाली. मराठी पुस्तक मुद्दाम बाहेरून आणावे लागते. जिथे फळीवर मोजकीच पुस्तके असणार, तिथे चुकीच्या कारणाने वगळलेले एकेक पुस्तक महागात पडते.

‘बायबल असताना दुसरे कशाला?’ असे म्हणणाऱ्यांच्या घरीही टीकाग्रंथ असतातच, आणि ‘वाटेल ते वाचा’ हा मुळी सल्लाच नव्हे. खरा वाद आहे तो कल्पित म्हणजे खोटे आणि खोट्याने भक्ती बिघडते, असे मानणाऱ्यांशी. त्यांनी शास्त्यांच्या पुस्तकाचा नववा अध्याय पुन्हा वाचावा. योथाम गरिज्जीम डोंगराच्या माथ्यावरून शखेमकरांना गोष्ट सांगतो : झाडे राजा शोधायला निघतात, जैतून, अंजीर आणि द्राक्षवेल नकार देतात आणि काटेझुडूप गादीवर बसायला तयार होते. झाडे बोलतात का, असे तिथे कुणी विचारत नाही, कारण बोट शखेमकरांनी राजा केलेल्या अबीमलेखाकडे आहे हे ऐकणाऱ्याला कळते. उधळ्या पुत्राचे गाव कोणते, हेही कुणी शोधत बसत नाही. आक्षेप घेणारे म्हणतील, नाथानाने दाविदाला सांगितलेली गरिबाच्या मेंढीची गोष्ट तर दाविदाला खरीच वाटली. वाटली खरी, पण दाविदाचा संताप उसळताच नाथानाने तो माणूस कोण, हे त्याला तोंडावर सांगितले. त्याने गोष्ट झाकून ठेवली नाही, तिच्यातून दाविदाला स्वतःकडे पाहायला लावले. कल्पित कथांतल्या जादूटोण्याच्या भीतीचेही तसेच. एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईची हकिकत शमुवेलाच्या पुस्तकात आहे. ती वाचून कुणी भूतविद्येला लागत नाही.

हा आक्षेप नवा नाही आणि त्याची उत्तरेही नवी नाहीत. इंग्रज लेखक बनयनने १६७८ मध्ये यात्रेकरूची रूपककथा छापली, तेव्हा अशाच टीकाकारांसाठी आरंभी पद्यात आपली बाजू मांडली. ते पुस्तक ‘यात्रिक क्रमण’ म्हणून १८४१ मध्ये मराठीत आले. त्याच्याही सव्वादोनशे वर्षे आधी, १६१६ मध्ये, थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोल येथे छापले गेले, आणि त्याच्या पहिल्याच अवस्वरूत (सर्गात) आजचाच प्रश्न आहे : आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हाला आमच्या भाषेत काय देता? स्टीफन्सने नुसती धर्मप्रश्नांची कोरडी वही पुढे केली नाही. लोकांच्या कानात बसलेली ओवी घेतली आणि दहा हजारांवर ओव्यांत ख्रिस्तकथा उभी केली. कथेची भूक हा श्रद्धेचा शत्रू नाही, हे त्याने ओळखले होते. बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि तीनच वर्षांत ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेही विधवांचे वास्तव दाखवण्यासाठी रचलेली कहाणी म्हणून. नव्या विश्वासणाऱ्यांचा गोंधळ उडेल, ही काळजी म्हणूनच अनाठायी वाटते. कीर्तनातला निरूपणाचा भाग कोणता आणि आख्यान कोणते, हे मराठी श्रोत्याला शिकवावे लागत नाही.

म्हणून रेघ ओढायची ती खरे आणि कल्पित यांच्यामध्ये नव्हे, तर उघड कल्पित आणि लपवलेले कल्पित यांच्यामध्ये. मुलांच्या नार्निया कथांतला बोलणारा सिंह कुणालाही फसवत नाही. फसवते ते साक्षीचे पुस्तक, ज्यात आजार फुगवून सांगितला जातो आणि बरे होणे त्याहून फुगवून. फसवते ते मिशनऱ्याचे चरित्र, ज्यात एकाही नवख्रिस्ती माणसाला कधी शंका आली नाही. म्हणजे भेसळ होते ती पहिल्या दोन कप्प्यांत, ज्यांच्यावर आपण पहाराच ठेवत नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ याच कारणासाठी प्रत्येक ख्रिस्ती घरात हवीत. त्यांच्या पतीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाईंचा आक्रोश, नवऱ्याजवळ परतल्यावरही न सुटलेले सोवळे, आणि ते हळूहळू गळत जाऊन काही वर्षांनी स्वतः घेतलेला बाप्तिस्मा : यातले काहीही त्यांनी झाकले नाही, की सोयीचे करून मांडले नाही. त्यामुळेच त्यांची श्रद्धा पटते.

उघड कल्पिताचेही वाईट नमुने असतात, हे मान्य. पण वाईट कादंबरी वाचकाचा वेळ घेते, खोटी साक्ष त्याचा विश्वास घेते. आणि तिचा खोटेपणा उघडा पडला की खऱ्या साक्षीवरचाही विश्वास उडतो. सीमाभागातल्या मंडळीने फळी मांडताना बायबलशेजारी ‘क्रिस्तपुराण’, ‘स्मृतिचित्रे’ आणि यात्रेकरूची कथा निःशंकपणे ठेवावी, मुलांना नार्निया वाचू द्यावे, आणि सगळी छाननी त्या पुस्तकांसाठी राखावी, जी आपण घडलेलेच सांगतो असे शपथेवर म्हणतात. सत्यावर ज्यांची भक्ती आहे, त्यांनी सत्याच्या नावाने खपणाऱ्या गोष्टीचीच आधी झडती घेतली पाहिजे.