शाळा सुटल्यावरचा पहिला तास

“शाळेत अगदी शहाण्यासारखा असतो हो तुमचा मुलगा,” असं बाई सांगतात, तेव्हा हसावं की रडावं हे आईला कळत नाही. हाच शहाणा मुलगा घरात पाऊल टाकताच दप्तर भिरकावतो, आवडीच्या वरणभाताचं ताटही ढकलून देतो आणि कुणी जवळ गेलं तर कानांवर हात दाबून किंचाळतो. शेजारचं दार किलकिलं होतं. “लाडावून ठेवलाय,” असा निकाल लागून जातो.

हा निकाल साफ चुकीचा आहे. वर्गातला कालवा, बाक सरकवल्याचे आवाज, एकमेकांत मिसळलेले डब्यांचे वास, लुकलुकणारी ट्यूबलाइट, घंटा, पीटीच्या सरांची शिट्टी. यातलं बरंचसं आपला मेंदू आपल्या नकळत बाजूला सारतो. स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांपैकी अनेकांना ते जमत नाही. सगळं सारख्याच जोराने आत येतं. हात हलवून, डोलून असं मूल स्वतःला सावरत असतं आणि नेमकं तेच वर्गात चालत नाही. मग ते पाच-सहा तास स्वतःला आवरून धरतं आणि जिथे आपल्याला कुणी टाकणार नाही याची खात्री असते, तिथे मोकळं होतं. हा घराचा दोष कसा?

प्रत्येकाचा शीण निराळा. श्रवणयंत्र लावणारी मुलगी दिवसभर ओठ निरखत, निसटलेले शब्द अंदाजाने जुळवत असते. घरी येऊन थोडा वेळ यंत्र काढून ठेवावंसं वाटलं तर ठेवू द्यावं. सेरेब्रल पाल्सी असलेला मुलगा नुसतं बाकावर ताठ बसूनच दमलेला असतो. त्याला आधी सतरंजीवर पाय पसरायचे असतात. काही वेळा कारण याहून साधं असतं. शाळेच्या स्वच्छतागृहात जाणं टाळल्यामुळे लघवी तुंबलेली असते, डबा तसाच परत आलेला असतो. वर्तनाचा कीस काढण्याआधी एवढं बघून घ्यावं.

अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन स्वतः स्वमग्न. पुढे त्या पशुविज्ञानाच्या प्राध्यापक झाल्या. लहानपणी त्यांना कुणी मिठी मारलेली सोसत नसे, तरी अंगावर दाब मात्र हवा असे. ॲरिझोनात नातलगांच्या पशुपालन केंद्रावर त्यांनी पाहिलं की लस टोचताना दोन्ही बाजूंनी दाबून धरणाऱ्या चौकटीत काही गुरं शांत होतात. वयाच्या 18 व्या वर्षी त्यांनी स्वतःसाठी तसंच लाकडी यंत्र बनवलं. मानसतज्ज्ञांना ते विचित्र वाटलं. विज्ञानाच्या शिक्षकांनी मात्र ‘याने शांत का वाटतं, ते शोधून काढ’ म्हणून त्यांना अभ्यासाला लावलं. त्या यंत्रातली मला सगळ्यात मोलाची वाटते ती एकच गोष्ट: दाब किती आणि किती वेळ, हे ठरवणं त्यांच्या स्वतःच्या हातात होतं.

आपल्या घरात यंत्र नको. जड गोधडी आहे, मात्र ती मुलाला स्वतःहून बाजूला सारता आली पाहिजे. झोपाळ्याचा संथ झोका अनेकांना निववतो, गरगर फिरणं उलट चेतवतं. आणि झोक्याने मळमळणारी मुलंही असतात. कणीक तिंबणं, पाण्याची बादली उचलून नेणं अशा स्नायूंना ताण देणाऱ्या कामांनी अंग ताळ्यावर येतं, असा ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा अनुभव आहे. यातलं काय हवं ते मुलाने निवडायचं. काहीच नको असेल आणि पलंगाखाली जाऊन पडायचं असेल, तर तेही चालेल.

आपण नेमकं हेच करू देत नाही. शाळेतून परस्पर स्पीच थेरपी, तिथून ऑक्युपेशनल थेरपी, मग शिकवणी. मध्ये आजी मायेने विचारते, “आज काय शिकवलं रे?” ज्याला शब्द सापडायलाच कष्ट पडतात, त्याच्यासाठी ती आणखी एक तोंडी परीक्षा असते. आता तर विसाव्याचेही तक्ते भिंतीवर लागले आहेत, टायमर लावून शांत व्हायचं! मोबाइलने मूल गप्प बसतं, पण तो काढून घेताना दुसरं वादळ उठतं. तरीही, मदतीला कुणी नसलेल्या आईने तो हातात दिला तर तिला नावं ठेवणारे आपण कोण? तिलाही अर्धा तास हवाच असतो.

तेव्हा आज शाळा सुटायच्या आत एवढं करा. थेरपीची वेळ तासभर पुढे जाईल का, हे केंद्रात फोन करून विचारा. मूल घरी आल्यावर पाऊण तास कुणी काही विचारायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा, आजोबांनाही. पाणी आणि खाऊ त्याच्या हाताशी ठेवा आणि बाजूला व्हा.