उघाडी

आबांच्या मेंदूचा एमआरआय डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला, तेव्हा मला नुसते पांढरे डाग दिसले. ‘‘मोठी रक्तवाहिनी कुठेच बंद नाही, बारीक वाहिन्या थकल्यात,’’ ते म्हणाले. भाईंदरच्या मिठागरावर उभं आयुष्य काढलेल्या माणसाची पावलं आखूड पडत होती, हिशेब चुकत होता आणि आम्ही सगळं वयावर ढकलत होतो. ती चूक मला अजून सलते.

मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के एकटा वापरतो. तो पोचवणाऱ्या वाहिन्यांना आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं. कुठे किती रक्त जावं, रक्तातलं काय मेंदूत शिरू द्यावं, यावर त्या पेशींचा पहारा. मिठागरात खाडीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, येतं. उघाडी अडकली की ऐन भरतीतही वाफा कोरडा राहतो. बांध झिरपला की नको तेव्हा पाणी शिरतं. आबांना आजार असा सांगितला आणि त्यांना तो लगेच कळला.

या पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडतात, त्याने वाहिनी सैलावते. या शोधाला १९९८चं नोबेल मिळालं. पेशी दुबळ्या झाल्या की हा निरोप क्षीण होतो. तो औषधाने पुन्हा पोचवता येईल का, हे आता तपासलं जातंय. ब्रिटनमधल्या लासी-२ चाचणीत बारीक वाहिनीमुळे पक्षाघात झालेल्या ३६३ जणांवर दोन जुनी औषधं वापरून पाहिली : छातीतल्या कळेवरचं आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट आणि चालताना पोटऱ्या दुखणाऱ्यांना देतात ते सिलोस्टाझोल. २०२३मध्ये निष्कर्ष आले. दोन्ही मिळून घेणाऱ्यांत वर्षभरानंतर परावलंबन आणि बुद्धीची घसरण कमी दिसली. चाचणी लहान होती, मोठ्या चाचणीशिवाय भिस्त ठेवता येणार नाही. तरी ही औषधं आपल्याकडच्या दुकानांत आधीपासून आहेत, याने मला धीर येतो. भीतीही त्याचीच वाटते. शेजाऱ्याची गोळी मागून घेणारी घरं मी पाहिली आहेत, आणि हृदय निकामी होत चाललेल्याला सिलोस्टाझोल चालत नाही.

आबांना सध्या रक्तदाबाची गोळी, संध्याकाळचं चालणं आणि कमी मिठाचं जेवण. पहिल्या दिवशी त्यांनी आमटीचा घास घेतला, वाटीकडे बराच वेळ पाहिलं आणि मुकाट्याने संपवली.